थोरला भाऊ : रक्षक जॅक चार्लटन याची कारकीर्द

वर्तमानपत्रातील खेळांचे पान उघडून पाहिले, तर ज्याने गोल केला त्याचे नाव ठळक टायपात, आणि ज्याने गोल होऊ दिला नाही त्याचे नाव बहुधा कोठेच नाही, असा प्रकार नित्य आढळतो. यात वर्तमानपत्रांचा दोष थोडा व मनुष्यस्वभावाचा अधिक आहे. जे घडले ते डोळ्यांस दिसते. जे घडू दिले नाही ते दिसत नाही. रात्री सर्व मंडळी निजल्यावर दाराचा अडसर चाचपून पाहणाऱ्या वडील माणसाची आठवण घरात चोरी झाली तरच निघते. चोरी न झालेल्या हजार रात्री कोणी त्याच्या खाती जमा करीत नाही.

हा विचार आम्हांस सुचण्याचे निमित्त घरचेच आहे. आमच्या धाकट्या बंधूंचे दोन नातू एकाच शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतात. थोरला बारा वर्षांचा. तो मागे, 'बॅक'च्या जागी असतो. धाकटा अकरा वर्षांचा. तो पुढे असतो आणि गोल करतो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दोघेही चिखलाने माखून घरी आले. संघ जिंकला होता. धाकट्याने दोन गोल केले होते, म्हणून माजघरापासून ओसरीपर्यंत त्याचेच कौतुक चालले होते. थोरला मुकाट्याने जेवून उठला आणि निजावयाच्या वेळी आमच्या खाटेशी येऊन म्हणाला, "आजोबा, बॅक खेळणाऱ्याचे नाव कधी कोणी काढते का हो?" आम्ही त्याला एका इंग्रज खेळाडूची गोष्ट सांगितली. तीच थोडी विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण ती जितकी मुलांनी ऐकण्यासारखी आहे, तितकीच वडील मंडळींनी ऐकण्यासारखी आहे.

कोळशाच्या गावातील घर

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात नॉर्थंबरलंड नावाचा परगणा आहे आणि त्यात ॲशिंग्टन हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तेथे ता. ८ मे १९३५ रोजी जॅक चार्लटन याचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हे खाणीत कोळसा खोदणारे कामगार. त्यांना फुटबॉलपेक्षा मुष्टियुद्धाची आवड अधिक. आई एलिझाबेथ, तिला सर्व गाव सिसी म्हणत असे. या सिसीबाईंचे माहेर मिलबर्न घराणे, आणि हे घराणे फुटबॉलविषयी इतके प्रसिद्ध की, तिचे जॅक, जॉर्ज, जिम आणि स्टॅन हे चारही भाऊ व्यावसायिक खेळाडू होते व चारही जण रक्षकाच्या जागीच खेळले. त्यांपैकी तिघे लीड्स युनायटेड या क्लबात होते. न्यूकॅसलचा नामांकित आघाडीचा खेळाडू जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. मुलगा मामाच्या वळणावर जातो असे आपल्याकडे म्हणतात. चार्लटन बंधूंच्या बाबतीत तरी ते खोटे ठरले नाही.

सिसीबाईंस चार मुलगे झाले. जॅक पहिला, ता. ११ ऑक्टोबर १९३७ रोजी जन्मलेला बॉबी दुसरा. त्यांच्यामागून गॉर्डन व टॉमी. घर लहान, चारही भाऊ एकाच पलंगावर निजत. आई स्वतः मुलांबरोबर चेंडू खेळावयास कमी करीत नसे. या घरात लवकरच एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली: धाकट्या बॉबीच्या पायांत काही दैवी देणगी आहे. चेंडू त्याच्या पायाशी आला की, पाळीव हरिणाप्रमाणे त्याच्याबरोबर चालू लागे. मोठमोठ्या क्लबांचे हेर त्या खाणकामगाराच्या दाराशी येऊन बसू लागले आणि १९५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बॉबी मँचेस्टर युनायटेड क्लबात गेला.

जॅकसाठी अशी रांग लागली नाही. तो उंच, किडकिडीत, लांब मानेचा; पुढे लोक त्याला थट्टेने जिराफ म्हणू लागले. त्याचे चित्त नदीकाठी मासे धरण्यात आणि रानोमाळ भटकण्यात अधिक. मामा लीड्स क्लबात असल्यामुळे पंधराव्या वर्षी तेथून परीक्षेला येण्याचे बोलावणे आले, तर त्याने प्रथम नकारच दिला आणि वडिलांच्या वाटेने तो खाणीत कामाला गेला. जमिनीच्या पोटातील तो काळोख व ती धूळ पाहिल्यावर मात्र, येथे जन्म काढणे आपल्याच्याने होणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने काम सोडले व पोलिसांत अर्ज केला. योगायोग असा की, पोलिसांची मुलाखत आणि लीड्सची परीक्षा एकाच दिवशी आली. त्याने परीक्षा पत्करली. पसंत पडला, तरी आरंभी मैदानाची निगा राखणे आणि मोठ्या खेळाडूंचे बूट पुसणे हीच कामे वाट्यास आली.

दहा वर्षांची उमेदवारी

ता. २५ एप्रिल १९५३ रोजी डॉनकॅस्टर रोव्हर्सविरुद्ध तो लीड्सतर्फे पहिला लीग सामना खेळला. जागा सेंटर-हाफची, म्हणजे रक्षकांच्या फळीत अगदी मध्यभागी. त्यानंतर दोन वर्षे सक्तीच्या लष्करी नोकरीत, घोडदळाच्या पलटणीत गेली. परत आल्यावर त्याने संघात आपली जागा मिळविली. १९५६ साली लीड्स पहिल्या श्रेणीत चढला आणि १९६० साली पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्या काळी इंग्लंडात खेळाडूला आठवड्यास जास्तीत जास्त किती वेतन द्यावे, याला क्लबांच्या संघटनेने मर्यादा घातली होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठविण्यात आली, तेव्हा ती अवघी वीस पौंड होती.

याच वर्षांत धाकटा भाऊ कोठल्या कोठे गेला होता. ता. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिक येथे मँचेस्टर युनायटेडच्या मंडळींचे विमान कोसळून तेवीस माणसे दगावली. त्यांत आठ खेळाडू होते. बॉबी वाचला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात खेळला. वीस वर्षांच्या बॉबीचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. थोरला मात्र दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात, कोणाचे न ऐकणारा, हुज्जत घालणारा, सरावात लक्ष नसलेला असा खेळाडू म्हणून ओळखला जात होता.

१९६१ च्या मार्च महिन्यात डॉन रेव्ही हा लीड्सचा मॅनेजर झाला. तो स्वतः त्याच संघात जॅकबरोबर खेळला होता आणि जॅकच्या वर्तनाविषयी त्याचे मत चांगले नव्हते. १९६२ साली तर जॅकने दुसऱ्या क्लबात जावे, अशी बोलणीही झाली. त्या वेळी जॅकचे वय सत्तावीस. या वयात फुटबॉलपटूचे जे व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते, असा सामान्य समज आहे. वाचकहो, गोष्ट येथे संपली असती तर चार्लटन घराण्यातील या थोरल्या मुलाचे नाव आज आपल्या कानी आले नसते.

परंतु जॅकने एक काम गाजावाजा न करता चालविले होते. फुटबॉल संघटनेच्या प्रशिक्षण-वर्गांना जाऊन तो खेळाचे शास्त्र शिकत होता. पायांना जे निसर्गाने दिले नव्हते, ते बुद्धीने मिळवावे, असा त्याचा यत्न होता. त्यातून त्याला एक गोष्ट उमगली. पूर्वीची रीत अशी होती की, प्रत्येक रक्षकाने प्रतिपक्षाचा एकेक गडी वाटून घ्यावयाचा आणि तो जाईल तेथे सावलीप्रमाणे त्याच्यामागे जावयाचे. चतुर गडी रक्षकाला मुद्दाम दूर ओढून नेई आणि गोलपुढील मोक्याची जागा उघडी पडे. जॅकचे म्हणणे असे की, गडी वाटून न घेता जागा वाटून घ्याव्या. ज्याच्या हद्दीत प्रतिपक्षी शिरेल त्याने त्याचा समाचार घ्यावा, आणि मधल्या माणसाला सर्व मैदान समोर दिसत असल्यामुळे त्याने ओरडून सर्वांना सावध ठेवावे. गावाच्या राखणीत प्रत्येक रामोशी जर एकेका वाटसरूमागे हिंडू लागला, तर वेस कोण राखणार? त्याने वेशीवरच उभे राहावे, हे आपल्या पूर्वजांसही ठाऊक होते.

रेव्हीचा मोठेपणा हा की, ज्याला तो घालवावयास निघाला होता, त्याचेच म्हणणे त्याने ऐकले आणि रक्षणाची सूत्रे जॅकच्या हाती दिली. त्याच्या दोन्ही अंगांस पॉल रीनी, नॉर्मन हंटर यांसारखी विशीच्या आसपासची मुले होती. त्यांना हाका मारीत, रागे भरीत, जागेवर ठेवीत जॅकने एक भिंत उभारली. जबाबदारी आली आणि वात्रटपणा गेला. आम्ही शाळेत पस्तीस वर्षे काढली. वर्गातील द्वाड मुलाला मॉनिटर करून पाहावे, हा उपाय किती वेळा लागू पडतो हे शिक्षकांस सांगावयास नको.

१९६४ साली लीड्सने दुसरी श्रेणी जिंकली. पुढल्याच वर्षी पहिल्या श्रेणीत तो संघ मँचेस्टर युनायटेडच्या बरोबरीस आला व केवळ गोलांच्या सरासरीने दुसरा ठरला, एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून २–१ असा हरला.

उशिरा आलेले बोलावणे

त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लीड्स व मँचेस्टर युनायटेड यांची, म्हणजे दोघां भावांचीच, गाठ पडली होती. बरोबरीनंतर पुन्हा झालेला सामना लीड्सने जिंकला. सामना संपल्यावर जॅकला कळले की, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात आपली निवड झाली आहे. आनंदाच्या भरात तो थेट प्रतिपक्षाच्या खोलीत धाकट्या भावाला ही बातमी सांगावयास धावला. तेथे सारे पराभवाने खाली माना घालून बसले होते. बॉबीने भावाचे अभिनंदन केले. इतरांनी मात्र, आता येथून चालता हो, अशा अर्थाचा निरोप दिला. हा प्रसंग ऐकून हसू येते खरे. परंतु बारा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ती बातमी सर्वांआधी कोणाला सांगावीशी वाटली, हे लक्षात घेतले म्हणजे हसणे थांबते.

ता. १० एप्रिल १९६५ रोजी वेम्ब्ली येथे स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडतर्फे प्रथम खेळला. तिशी पुरी होण्यास महिनाही उरला नव्हता. पुढे त्याने राष्ट्रीय मॅनेजर आल्फ रॅम्से यास, आपली निवड का केली, असे विचारले. रॅम्सेच्या उत्तराचा आशय असा की, आपण नेहमी सर्वांत उत्तम खेळाडू निवडतोच असे नाही. एकमेकांस पूरक होतील असे निवडतो. संघाचा कर्णधार बॉबी मूर हा चेंडू घेऊन डौलाने पुढे जाणारा रक्षक होता. तो पुढे गेला असता मागची जागा सांभाळील असा, कोणावर फाजील विश्वास न टाकणारा माणूस रॅम्सेला हवा होता. कित्येक कुटुंबेही याच न्यायाने चालतात.

१९६६ साली विश्वचषकाची स्पर्धा इंग्लंडात झाली. सहाही सामन्यांत जॅक खेळला. युरुग्वे, मेक्सिको, फ्रान्स व अर्जेंटिना या चार संघांपैकी एकालाही इंग्लंडवर गोल करता आला नाही. ता. २६ जुलै रोजी पोर्तुगालशी उपांत्य सामना झाला. बॉबीने दोन गोल केले. अखेरच्या आठ-नऊ मिनिटांत पोर्तुगालच्या उंच टोरेसने डोक्याने मारलेला चेंडू गोलात जात असता जॅकने तो हाताने अडविला. पेनल्टी मिळाली आणि युसेबियोने त्या स्पर्धेतील इंग्लंडवरचा पहिला गोल केला. सामना २–१ असा इंग्लंडने जिंकला. ज्या दिवशी एका मुलाने दोन गोल केले व दुसऱ्याने हाताने एक अडविला, त्या दिवशी त्यांचे वडील कोठे होते? ते आपल्या पाळीला खाणीत उतरले होते. कामाची पाळी चुकवावयाची नाही, ही त्या घराची शिकवण होती.

ता. ३० जुलैचा पश्चिम जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना प्रसिद्धच आहे. इंग्लंड २–१ असे पुढे असता अगदी शेवटच्या मिनिटास जॅकविरुद्ध फ्री किक दिली गेली आणि तिच्यातून वेबरने बरोबरी साधली. त्या क्षणी जॅकच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना ज्याच्या हातून घरचे काही नुकसान झाले आहे त्यालाच येईल. ज्यादा वेळात हर्स्टने आणखी दोन गोल केले व इंग्लंड ४–२ असे विजयी झाले. शिट्टी झाली तेव्हा जॅक धावला नाही, नाचला नाही. गुडघ्यांवर बसून त्याने ओंजळीत तोंड लपविले. एका खाणकामगाराचे दोन मुलगे एकाच दिवशी जगज्जेते झाले.

राखणदाराचा हिशेब

इंग्लंडातील क्रीडालेखकांची संघटना प्रतिवर्षी एका खेळाडूचा गौरव करते. १९६६ साली तो मान बॉबीला मिळाला व १९६७ साली जॅकला. येथून पुढे लीड्सच्या यशाला भरती आली. १९६८ साली लीग कप व युरोपातील फेअर्स कप, १९६९ साली लीगचे अजिंक्यपद, १९७१ साली पुन्हा फेअर्स कप, आणि ता. ६ मे १९७२ रोजी आर्सेनलला १–० असे हरवून एफ. ए. कप. या शेवटच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी जॅकला सदतिसावे वर्ष पूर्ण झाले. १९६९ च्या अजिंक्यपदाचा हिशेब पाहण्यासारखा आहे: बेचाळीस सामने, हार फक्त दोनदा, आणि स्वतःवर झालेले गोल अवघे सव्वीस. रक्षकाची कीर्ती वाचावयाची असेल तर ती अशा आकड्यांत वाचावी.

त्याच्यात दोष नव्हते असे नाही. तो तापट होता. कॉर्नर किकच्या वेळी प्रतिपक्षाच्या गोलरक्षकासमोर खांबासारखे उभे राहण्याची त्याची युक्ती अनेकांना खुपत असे. १९७० साली एका दूरदर्शन मुलाखतीत त्याने, आपल्याशी दांडगाई केलेल्या दोघा-तिघांची नावे आपण ध्यानात ठेवली असून संधी मिळताच परतफेड करू, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्याबद्दल त्याला चौकशीस तोंड द्यावे लागले. जिभेवर ताबा नसणे हा गुण नव्हे, आणि चरित्रनायकाचा म्हणून तो झाकणेही योग्य नव्हे.

१९७० च्या विश्वचषकात इंग्लंडतर्फे तो शेवटचा खेळला. एकंदर पस्तीस सामने. १९७३ साली त्याने खेळणे थांबविले, तेव्हा लीड्सतर्फे लीगचे ६२९ सामने त्याच्या नावावर होते. एकाच क्लबात वीस वर्षांहून अधिक काळ! त्याच वर्षी मिडल्सबरो क्लबाचा मॅनेजर होऊन त्याने १९७४ साली त्यास दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढे १९८६ ते १९९५ या काळात आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे होती. १९८८ साली स्टुटगार्ट येथे या लहानशा देशाने खुद्द इंग्लंडला १–० असे हरविले. १९९० साली आयर्लंड प्रथमच विश्वचषकात उतरले आणि पहिल्या आठांत पोहोचले. गंमत अशी की, पाच सामन्यांत त्यांचे गोल अवघे दोन आणि त्यांच्यावर झालेले गोल अवघे तीन. शिष्य आयरिश असले तरी गुरू सेंटर-हाफच होता. आयरिश लोकांनी १९९६ साली त्याला सन्मान्य नागरिकत्व दिले, आणि कॉर्कच्या विमानतळावर त्याचा पुतळा उभा केला. तो पुतळा चेंडू खेळणाराचा नाही, मासे धरणाराचा आहे. लहानपणी ज्या छंदासाठी बोलणी खाल्ली, तोच छंद असा अमर झाला.

डोक्याने दिलेली किंमत

येथवर गोष्ट सुखाची आहे. पुढील भाग सांगताना मन जड होते. सेंटर-हाफचे मुख्य काम म्हणजे उंच येणारे चेंडू डोक्याने परतविणे. जॅकच्या तरुणपणी चेंडू कातड्याचा असे आणि पावसात भिजून जड होई. सामन्यात आणि सरावात, वर्षानुवर्षे, असे किती तडाखे त्या मस्तकाने घेतले याची गणती नाही. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश जडला, कर्करोगही झाला, आणि ता. १० जुलै २०२० रोजी पंचाऐंशीव्या वर्षी त्याचे देहावसान झाले.

तो एकटा नव्हता. १९६६ च्या अंतिम सामन्यातील अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक आणि बॉबी अशा पाच जणांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्यूंची इतर लोकांशी तुलना करून २०१९ साली प्रसिद्ध केले की, मेंदूच्या क्षयाच्या रोगांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीनपट आहे. त्याच संशोधनाच्या २०२१ सालच्या पुढील भागात असे आढळले की, हे रोग जडण्याचे प्रमाण रक्षकांत सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे पाचपट आहे. आणि जो चेंडू डोक्याने मारीत नाही, त्या गोलरक्षकांत ते सामान्य लोकांइतकेच आहे. अमुक एका माणसाचा रोग चेंडूमुळेच झाला, असे म्हणता येणार नाही. तथापि हे आकडे पाहून २०२१ साली इंग्लंडातील संघटनांनी, सरावात जोराचे चेंडू डोक्याने मारणे आठवड्यास दहांहून अधिक नसावे, असा सल्ला दिला. गोल करणाराची कीर्ती सर्वांनी पाहिली. गोल अडविणाराने काय गमावले, हे कळावयास पन्नास वर्षे लागली.

दुसरे दुःख घरातले. उत्तर आयुष्यात दोघां भावांत अंतर पडले. धाकट्याचे आईच्या घरी येणेजाणे कमी झाले. थोरल्याला ते रुचले नाही. आणि १९९६ साली सिसीबाई निवर्तल्यानंतर हा दुरावा सर्वांना कळला. एका पलंगावर निजलेले आणि एका मैदानावर जगज्जेते झालेले भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. कोणाचे किती चुकले याचा निवाडा परक्यांनी करू नये. परंतु २००८ साली बी. बी. सी. ने बॉबीला जीवनगौरवाचे पारितोषिक दिले, तेव्हा ते त्याच्या हाती देण्यासाठी व्यासपीठावर जॅक उभा होता. आपण पाहिलेला सर्वांत श्रेष्ठ खेळाडू हा माझा धाकटा भाऊ आहे, अशा अर्थाचे तो तेथे बोलला, आणि दोघांचेही डोळे भरून आले. बॉबी पुढे ता. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी कालवश झाला. भावाची थोरवी कबूल करावयास मनाची जी ताकद लागते, ती शंभर चेंडू परतविण्याच्या ताकदीहून लहान नव्हे.

आमचा कबुलीजबाब

असो. ही गोष्ट आमच्या जिव्हारी का लागली, ते सांगून हा लेख पुरा करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या संस्कृतच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा धाकटा भाऊ एक इयत्ता मागे. धाकट्याला विभक्त्या तोंडपाठ. थोरला तृतीयेलाच अडखळे. एके दिवशी आम्ही सर्व वर्गासमोर म्हणालो, "अरे, जरा धाकट्याच्या पायाचे तीर्थ घे, म्हणजे चार अक्षरे येतील." वर्ग हसला. तोही हसल्यासारखे करून खाली बसला. त्यानंतर त्या वर्षात त्याने आमच्या एकाही प्रश्नाला हात वर केला नाही, आणि आम्हांस त्याचे काही वाटलेही नाही.

पुढे त्यांचे वडील अकाली वारले. थोरल्याने शिक्षण सोडून नोकरी धरली. आईला सांभाळले, बहिणीचे लग्न केले, धाकट्याला मोठ्या पदवीपर्यंत शिकविले. धाकट्याचा सत्कार झाला, त्याचे छायाचित्र छापून आले. थोरला आम्हांस एकदा भाजीबाजारात भेटला. पिशवी खाली ठेवून, वाकून त्याने नमस्कार केला. त्या दिवशीचे आमचे शब्द परत घ्यावेत असे मनात आले. पण तोंडातून आशीर्वादापलीकडे काही निघाले नाही. त्या घरावर येणारे सर्व चेंडू ज्याने आपल्या मस्तकावर घेतले, त्याला आम्ही तृतीया विभक्तीच्या मापाने मोजले होते.

मोठ्या कुटुंबात मुले पुष्कळ असतात आणि तुलना सहज तोंडी येते. कोणी लवकर फुलतो, कोणी तिशीस टेकल्यावर. कोणी गोल करावयास जन्मतो, कोणी गोल राखावयास. दोघेही त्याच घराचे. निदान इतके तरी करावे की, पंक्तीत एकाचे कौतुक होत असता दुसऱ्याच्या पानाकडेही नजर असावी.

गोष्ट ऐकून आमचा नातू बराच वेळ उगी पडून होता. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा, तो तिशीपर्यंत वाट पाहत होता?" आम्ही म्हटले, "वाट पाहत नव्हता रे, शिकत होता." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या खेळाच्या मास्तरांस भेटून, मुलांकडून चेंडू डोक्याने किती वेळा मारवून घेता, याची चौकशी केली. आणि पुढच्या सामन्यास, गुडघे दुखत असताही, मैदानावर जाऊन बसलो. गोलाच्या बाजूस नव्हे, बॅकच्या बाजूस.